फोन वाजला, पण आवाज कुठे गेला?

इंटरनेटवरून केलेला फोन कधी कधी भारी गंमत करतो. समजा, सोनालीने मामाला असा फोन लावला. तिकडे घंटी वाजली, मामाने फोन उचलला. ‘मामा, ऐकू येतंय का?’ हे सोनालीचं बोलणं त्याला अगदी स्वच्छ ऐकू आलं. त्याने उत्तरही दिलं. पण सोनालीला मात्र काहीच ऐकू येईना! ‘हॅलो, हॅलो’ करून बिचारी रडकुंडीला आली.

मग फोन बिघडला का? छे! चुकला होता तो पत्ता.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. जुन्या पण आजही वापरात असलेल्या पद्धतीत असे पत्ते फक्त ४,२९,४९,६७,२९६ होतात. जगात माणसंच ८०० कोटींच्या वर! मग पत्ते पुरणार कसे? १९९४ साली के. एगेवांग आणि पी. फ्रान्सिस यांनी एक युक्ती मांडली. यंत्रांना आतल्या वापराचे वेगळे पत्ते द्यायचे आणि निरोप बाहेर पडताना दारावर पत्ता बदलायचा. काही आकडे खास आतल्या वापरासाठी राखूनच ठेवले गेले. म्हणून १९२.१६८.१.५ हा पत्ता आज असंख्य घरांत सापडतो.

एखादा मोठा वाडा डोळ्यांसमोर आणा. आत खोल्यांना नंबर आहेत, बाहेरच्या जगाला मात्र वाड्याचा एकच पत्ता ठाऊक आहे. दारावर रखवालदार बसलाय. खोली नंबर ५ मधलं पत्र निघालं, की तो पाकिटावर वाड्याचा पत्ता घालतो आणि आपल्या वहीत नोंद करतो. उत्तर आलं, की वही बघून ते ५ नंबरला पोचवतो. आपल्या घरातला राउटर म्हणजे हाच रखवालदार.

आता गफलत कुठे होते ते पाहा. इंटरनेट फोन एकमेकांशी ‘सिप’ नावाच्या पद्धतीने बोलतात. तिचे नियम १९९९ साली प्रसिद्ध झाले. ‘बोलायचं आहे’, ‘घंटी वाजतेय’, ‘उचलला’, ‘ठेवला’ असे निरोप त्यात असतात. सोनालीच्या फोनने पत्र धाडलं, ‘बोलायचं आहे. तुमचा आवाज खोली नंबर ५ वर पाठवा.’ रखवालदाराने पाकिटावरचा पत्ता बदलला, पण आतलं पत्र काही उघडलं नाही!

‘घंटी वाजतेय’ हे उत्तर पाकिटावरच्या पत्त्याने नीट परत आलं. आवाज मात्र वेगळ्या वाटेने जातो, आणि तोही पत्रातल्या पत्त्यावर. खोली नंबर ५ तर प्रत्येक वाड्यात! बाहेरच्या रस्त्यावर त्या पत्त्याला कोण विचारणार? मामाचा आवाज वाटेतच हरवला. मामाच्या फोनला थेट बाहेरचा पत्ता होता, म्हणून सोनालीचा आवाज तेवढा पोचला.

यावर उपाय काय? एक म्हणजे, फोनने आधी बाहेरच्या एखाद्या यंत्राला विचारायचं, ‘मी तुला कोणत्या पत्त्यावरून दिसतो?’ आणि तोच पत्ता पत्रात लिहायचा. दुसरा उपाय म्हणजे, वेशीवर एक हुशार कारकून बसवायचा. तो पत्र उघडून आतलाही पत्ता बदलतो. पण त्याला दोन्ही हद्दी नीट समजावून द्याव्या लागतात. हे पत्ते आतले, हा पत्ता बाहेरचा. हद्द चुकीची सांगितली, की पुन्हा सगळं मुकं! शिवाय रखवालदार जुन्या नोंदी थोड्या वेळाने खोडतो. म्हणून फोन अधूनमधून ‘मी आहे बरं का’ असा छोटासा निरोप पाठवत राहतो.

मोबाइलवरच्या तयार ॲपमध्ये ही कामं बहुधा आपोआप होतात. पण कचेरीत किंवा दवाखान्यात इंटरनेट फोन बसवताना कुणीतरी या हद्दी लक्ष देऊन भरतं. दवाखान्यात फोन लागला आणि डॉक्टरांचं बोलणंच ऐकू आलं नाही, तर केवढा घोटाळा!

हा खेळ वर्गात जरूर खेळून पाहा. एकाने रखवालदार व्हायचं, बाकीच्यांनी चिठ्ठ्या पाठवायच्या. पत्ता एकदा फक्त पाकिटावर बदला, एकदा आतही बदला. मग सांगा बरं, कोणाचं उत्तर हरवलं?