उल्केची रासायनिक कुंडली

क्षणभर चमकून विझणाऱ्या उल्केला ‘तारा तुटला’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः तो धूमकेतूने किंवा लघुग्रहाने मागे सोडलेला, बहुधा वाळूच्या कणाएवढा तुकडा असतो. सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरून तो साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर नष्ट होतो. हाती काहीच उरत नाही. तरीही तो कशाचा बनला होता, हे त्याच्या प्रकाशाच्या पृथक्करणातून सांगता येते. त्यासाठी जुना फिल्म कॅमेराही पुरतो.

तापून वाफ झालेल्या मूलद्रव्यांचे अणू ठराविक तरंगलांबीचाच प्रकाश बाहेर टाकतात. सोडियमची पिवळी रेषा ५८९ नॅनोमीटरला, मॅग्नेशियमची हिरवी ५१८च्या आसपास, तर कॅल्शियमच्या दोन जांभळ्या रेषा ३९३ व ३९७ नॅनोमीटरला उमटतात.

प्रयोगशाळेतील वर्णपटमापकाला अरुंद फट लागते. उल्केची प्रकाशरेघ मात्र स्वतःच फटीचे काम करते. त्यामुळे भिंगापुढे लोलक किंवा विवर्तन जाली बसवली की पुरे. मिलिमीटरला ६०० रेघांची जाली हिरवा प्रकाश सुमारे १९ अंशांनी वळवते. म्हणून कॅमेराही अपेक्षित जागेपासून तेवढा बाजूला रोखावा लागतो. जालीच्या रेघा उल्केच्या मार्गाला समांतर असल्यास वर्णपट सुस्पष्ट येतो. काटकोनात असल्यास सारे रंग एकाच रेघेत मिसळतात. उल्कावर्षावात उल्का एकाच बिंदूतून निघाल्यासारख्या दिसत असल्याने ही जुळवणी आधीच करता येते.

५० मिलिमीटरचे भिंग पूर्ण उघडे ठेवावे, ४०० एएसएची फिल्म घालावी आणि शटर ‘बी’वर ठेवून केबल रिलीजने दहा-पंधरा मिनिटे उघडावे. अधिक वेळ दिल्याने उल्का ठळक उमटत नाही, कारण फिल्मवरील प्रत्येक बिंदूवरून ती निमिषार्धात सरकते. वाढतो तो केवळ आकाशाचा उजेड. शहरी दिव्यांखाली तर काही मिनिटांतच फिल्म झाकोळते. शिवाय प्रकाश अनेक रंगांत विभागला गेल्याने अतिशय तेजस्वी उल्काच छाप सोडतात. अनेक रात्री रिकाम्या गेल्या, तर नवल नाही.

उल्केच्या वर्णपटाचे पहिले छायाचित्र १८९७ मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या पेरूतील अरेक्विपा केंद्रात योगायोगानेच मिळाले. ताऱ्यांच्या वर्णपटासाठी लावलेल्या काचेवर ते उमटले होते. १९३०च्या दशकात पीटर मिलमन यांनी या संशोधनाला पद्धतशीर रूप दिले. जुन्या काचा निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच संवेदनशील असल्याने डोळ्यांना दिसलेली सोडियमची पिवळी रेषा त्यांवर उमटत नसे. म्हणून फिल्म कोणत्या रंगांना दाद देते, हे तपासल्याशिवाय ‘अमुक मूलद्रव्य नाही’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

ही दक्षता किती मोलाची, हे मिथुन राशीतील उल्कावर्षाव सांगतो. त्यातील अनेक उल्कांत सोडियम अत्यल्प आढळते. त्यांचा जनक मानला जाणारा फेथॉन हा लघुग्रह सूर्याच्या फार जवळून जात असल्याने उष्णतेने सोडियम उडून गेले असावे, असे मानले जाते.

आता या कामात व्हिडिओ व डिजिटल कॅमेरे पुढे आहेत. परंतु बॅटरीविना चालणारा यांत्रिक कॅमेरा अजूनही उपयोगी पडतो. महाराष्ट्रात ऑगस्टमधील ययातीचा वर्षाव बहुधा ढगांआड जातो. डिसेंबरच्या १३-१४ तारखेची निरभ्र रात्र आणि अंधारी माळरानाची जागा मात्र या प्रयोगासाठी उत्तम.