डिझेल जीपचा इंधन-पंप : दोष कोणाचा, दंड कोणास?

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने जीपगाडीच्या पंपावर लेख लिहावा याचे आमच्या सभासद बंधु-भगिनींस नवल वाटेल. परंतु ज्यांचा व्यवहार खेड्यापाड्यांशी आहे त्यांच्या दाराशी डिझेलवर चालणारी एखादी जीप असतेच. आणि ती आडरानात बंद पडली म्हणजे माल, पैसा व दिलेला शब्द ही तिन्ही अडकून पडतात. आम्ही यंत्रविद्येचे जाणकार आहोत असे नाही. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण व बेळगावच्या रविवार पेठेतील चाळीस वर्षांची गादी एवढेच आमचे भांडवल. तथापि या पंपाने आम्हांस एकदा जो धडा शिकविला तो सर्वांपुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. पेट्रोलच्या इंजिनात इंधन ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. नळकांड्यातील हवा दाबून इतकी तापविली जाते की तीत डिझेलचा फवारा पडताच तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डीझेल या अभियंत्याने १८९७ साली असे इंजिन जर्मनीत यशस्वी करून दाखविले. परंतु हा फवारा नेमक्या मापाने व नेमक्या क्षणी सोडणारा आटोपशीर पंप स्टुटगार्टच्या बॉश कारखान्यातून १९२७ पासून बाहेर पडू लागला, तेव्हा कोठे हे इंजिन रस्त्यावरील वाहनांत रुळले. आपल्याकडे १९५१ साली निघालेल्या ‘मायको’ कंपनीचे पंप पुढे अनेक वर्षे ट्रक, ट्रॅक्टर व जीप यांस बसत आले.

जुन्या जीपमध्ये पंप दोन असतात. लहान पंप टाकीतील डिझेल ओढून फिल्टरमार्गे पुढे देतो. मुख्य पंप ते प्रचंड दाबाने नोझलकडे धाडतो. मुख्य पंपाचा दट्ट्या व त्याची नळी यांत एका मिलिमीटरच्या हजारांश भागाच्या दोन-चार पट एवढेच अंतर असते. माणसाचा केसदेखील याहून कितीतरी जाड! शिवाय त्या दट्ट्यास वंगण मिळते ते डिझेलचेच. म्हणून डिझेलमध्ये पाणी, धूळ वा रॉकेल मिसळले की पहिला घाव पंपावर बसतो.

आता आमची हकीकत. १९९८ सालच्या आषाढात खेड्यांतील दुकानदारांस ज्वारी व गहू पोचविण्यासाठी आमची जीप ट्रेलरसह जांबोटीहून कणकुंबीकडे निघाली होती. अर्ध्या चढावर तिची ओढ कमी झाली, तिने पांढरा धूर सोडला व ती बंद पडली. चालक भर पावसात मदतीसाठी जांबोटीपर्यंत पायी गेला. ताडपत्री असूनही पोती भिजली. गॅरेजमध्ये ‘पंप गेला’ असा निवाडा मिळाला व नवा पंप बसला. खर्चाचा आकडा पाहून आमचे डोके फिरले. चालकाने डिझेल परस्पर विकून टाकीत भेसळ केली असावी असा संशय आम्ही घेतला. तो आमच्या वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस. “सावकार, पिंपातल्या डिझेलातच पाणी हाय,” असे त्याने दोनदा सांगितले. आम्ही ऐकले नाही. पंपाची निम्मी किंमत त्याच्या पगारातून दरमहा कापण्यास आम्ही दिवाणजींस सांगितले.

दीड महिन्यात नवा पंपही तसाच अडला. या वेळी आम्ही एका वृद्ध मेस्त्रीस बोलाविले. त्याने पंपास हातच लावला नाही. फिल्टरखालचा निचऱ्याचा स्क्रू सैल करून त्याने एक काचेची बाटली भरून घेतली, ती ओट्यावर ठेवली व चहा मागविला. चहा संपेतो बाटलीच्या तळाशी दोन बोटे पाणी निराळे झाले होते.

मग आम्ही वखारीमागचे पिंप पाहिले. ते उघड्यावर उभे होते व त्याच्या माथ्यावर पावसाचे पाणी साचत असे. ऊन पडले की पिंप तापे व आतील हवा फुगून बाहेर पडे. रात्री ते गार होताच आत ओढ निर्माण होई आणि साचलेले पाणी बुचाच्या आट्यांतून आत शिरे. पिंप तेथे उभे करण्यास आम्हीच सांगितले होते. मेस्त्रीने टाकी उतरवून धुतली, फिल्टर बदलले व दोन्ही पंप पंप-रूममध्ये तपासून घेतले. भंगारात घालण्यासाठी ठेवलेला पहिला पंपदेखील साफसफाईनंतर चालू झाला!

कापलेली सर्व रक्कम आम्ही दिवाणजींसमोर चालकाच्या हाती दिली व हात जोडून चूक कबूल केली. तो इतकेच म्हणाला, “पैशाचं काय न्हाई, सावकार. इतक्या वर्सांत पहिल्यांदा शंका घेतलासा, तेवढंच लागलं.” ते शब्द आम्हांस आजही टोचतात.

त्यानंतर आम्ही जे नियम पाळले ते असे. पिंप छपराखाली आडवे ठेवावे व त्याची दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत असावीत, म्हणजे पिंप अर्ध्याहून अधिक भरलेले असेतो ती डिझेलखाली राहतात. डिझेल गाळूनच टाकीत घालावे. पावसाळ्यात रात्री टाकी भरलेली असावी. रिकाम्या टाकीतील दमट हवेचे गारव्याने थेंब होऊन ते तळाशी उतरतात. फिल्टरखालचे पाणी दर आठवड्यास काढावे. टाकी कोरडी होईतो गाडी चालवू नये. तळचा गाळ ओढला जातो व नळ्यांत हवा भरते.

हातपंप दाबल्यावर गाडी सुरू होऊन पुन्हा बंद पडत असेल, तर प्रथम नळीची चीर, सैल जोड व जुने तांब्याचे वॉशर तपासावे. काळा धूर येत असल्यास आधी हवेचा फिल्टर व नोझल पाहावे. इंजिनातील ऑइल न घालता वाढले व त्यास डिझेलचा वास आला, तर लहान पंपाचा पडदा वा मुख्य पंपाचे सील फुटले असण्याचा संभव असतो. अशा वेळी गाडी जागीच थांबवावी, कारण पातळ ऑइलने बेअरिंगे खराब होतात.

एवढे करूनही पंप बदलणे भाग पडले, तर आधी टाकी व नळ्या धुवून घ्याव्यात. एरवी नवा पंपही जुन्याच्या वाटेने जातो. मेस्त्रीने बॅटरीची तार सोडली, पहिले नळकांडे दाबाच्या टोकावर आणले, पंप व इंजिन यांवरील खुणा जुळविल्या व उघडी तोंडे स्वच्छ टोप्यांनी झाकली, याकडे मालकाने लक्ष द्यावे. फवारा लवकर पडला तर इंजिन ठोकते, उशिरा पडला तर पांढरा धूर येतो व ओढ घटते. पंप बसल्यावर आधी फिल्टरमधील, मग मुख्य पंपातील व शेवटी नोझलकडील नळ्यांतील हवा काढावी. पंपावरील सीलबंद स्क्रू जादा ओढीच्या लोभाने फिरवू नये. फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

आजच्या कॉमन रेल पद्धतीच्या गाड्यांत दाब वातावरणाच्या दीड हजार पटींहूनही अधिक असतो. तेथे चालू इंजिनावर नट सैल करण्याचा जुना प्रकार प्राणावर बेतू शकतो. मालकाने पाणी काढणे व फिल्टर वेळेवर बदलणे एवढेच करावे. बाकी काम जाणकारांकडे सोपवावे.

पोत्यावरचा मूठभर दाणा पाहून आपण कधी सौदा करीत नाही. पोकळ सळई खुपसून तळचा दाणा बाहेर काढतो. पंपाच्या व माणसाच्या बाबतीत मात्र आम्ही तसे केले नाही. म्हणून सर्व सभासदांस आमची विनंती आहे : पंप बदलण्यापूर्वी एक बाटली डिझेल भरून तासभर स्थिर ठेवावी, आणि दोष कोणाच्या नावे मांडण्यापूर्वी चालकाचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे.