पांढरा चहा फिका का लागतो?

पांढऱ्या चहाविषयीचं मत आपल्याकडे बहुधा पहिल्या कपातच ठरून जातं. गरम पाण्याला गवताचा किंचित वास, आणि किंमत मात्र भरमसाट. पण यात पानांचा दोष क्वचितच असतो. पानं कमी पडलेली असतात, पाणी भीतभीत ओतलेलं असतं आणि मुरायच्या आधीच कप तोंडाला लावलेला असतो. ‘नाजूक चहा आहे, जपून करा’ या सल्ल्यानेच हा चहा सगळ्यात जास्त बिघडतो, असं माझं ठाम मत आहे.

हे पटायला पान कसं तयार होतं ते पाहायला हवं. या चहाचं मूळ घर चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरचा फुजियान प्रांत, त्यातही फुदिंग आणि चंगह हे दोन परगणे. तिथल्या ‘दा बाय’ जातीच्या झुडपांना जाडजूड, लांब कळ्या येतात आणि त्यांच्यावर दाट रुपेरी लव असते. १८८५च्या सुमारास या कळ्यांचा चहा होऊ लागला. तोच आज ‘सिल्व्हर नीडल’ म्हणून विकला जातो. मार्चअखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत नुसत्या कळ्या खुडायच्या. कळीसोबत एक-दोन कोवळी पानं घेतली की ‘व्हाइट पिओनी’, आणि मोठ्या, जून पानांचा तो ‘शौ मेई’.

खुडलेला माल बांबूच्या पसरट परड्यांवर पातळ पसरतात आणि उन्हात किंवा हवेशीर खोलीत दीड ते तीन दिवस कोमेजू देतात. मग मंद आचेवर वाळवतात. काम संपलं. हिरव्या चहासारखं कढईत परतणं नाही की काळ्या चहासारखं मळणं-चुरडणं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण सगळी भिस्त हवेवर. हवा दमट असली की पान काळवंडतं, ऊन तापलं की कोमेजण्याआधीच करपतं. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की कारागिरांना हायसं वाटतं. या दोन-तीन दिवसांत पानातला हिरवट वास उडून जातो आणि प्रथिनं हळूहळू विघटित होऊन चवीला गोडवा देणारी अमिनो आम्लं वाढतात. चीनच्या पारंपरिक चहानिर्मितीला २०२२मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं, त्यात फुदिंगची ही कलाही आहे.

आता आपल्या डब्यातला चहा आठवा. सीटीसीच्या यंत्रात दातेरी रुळांखाली पान चिरडलं, फाडलं जातं आणि त्याचे दाणे वळले जातात. पेशी फुटून रस बाहेर आलेला असल्यामुळे आधणात पडताच रंग उतरतो. पांढऱ्या चहाची कळी मात्र बरीचशी अखंड असते, वर लवेचं पांघरूण. पाणी आत शिरायलाच वेळ लागतो. अख्खे धणे आणि धण्याची पूड यांत जो फरक, तोच इथे.

म्हणून पहिली गोष्ट, चमचा बाजूला ठेवा आणि वजन करा. सीटीसीच्या सपाट चमच्यात दोन-अडीच ग्रॅम मावतात. व्हाइट पिओनीची फुगीर पानं चमच्यावर धड राहतही नाहीत, राहिली तरी ग्रॅमभर भरत नाहीत. २०० मिलिलिटर पाण्याला ३ ग्रॅम पानं हवीत. ती डोळ्यांना फार वाटतात, म्हणून हात आखडतो आणि कप फिका होतो.

दुसरा प्रश्न पाण्याच्या तापमानाचा. अमिनो आम्लं कमी उष्ण पाण्यातही उतरतात. तुरटपणा देणारी कॅटेचिन्स आणि कडू कॅफीन उकळत्या पाण्यात झपाट्याने सुटतात. घरच्या किटलीसाठी ८५ ते ९० अंश आणि चार-पाच मिनिटं हा चांगला मध्य आहे. फुदिंगकडे अनेक जण जवळजवळ उकळतं पाणी वापरतात, पण ते शंभरेक मिलिलिटरच्या झाकणाच्या वाटीत ४-५ ग्रॅम पानं घालून, काही सेकंदांतच ओतून घेतात आणि त्याच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी घालतात. उष्णता वाढवली तर वेळ कमी करायचा, एवढं सूत्र सांभाळलं की पुरे. ६०-७० अंशांचं पाणी आणि दोन मिनिटं, ही जोडी मात्र टाळाच.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. उकळी फुटली की गॅस बंद करून झाकण काढा, तीन-चार मिनिटं थांबा आणि मग ओता. महाबळेश्वरला राहत असाल तर एवढंही थांबायला नको. तिथल्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. दार्जिलिंगला तर साधारण ९३ला.

पाणी कोणतं, हेही इथे लपत नाही. दूध-साखर-आलं घातलेल्या चहात बोअरवेलचं जड पाणी खपून जातं. पांढऱ्या चहात ते चव मारतं, वर तवंग आणतं. मुंबई-पुण्याचं धरणाचं पाणी त्यामानाने मृदू, या चहाला चांगलं साजतं. कपात चमकणारे बारीक तंतू दिसले तर तो कचरा समजू नका. ती कळीवरची लव आहे. फडक्याने गाळलं तर तीही जाते आणि तिच्यासोबत कपाचा भरीवपणाही. साधी गाळणी बरी.

यात कॅफीन नसतं, रात्री खुशाल प्या, असं सांगितलं जातं. ते खरं नाही. कोवळ्या कळीत कॅफीन भरपूर असतं. झाडाने ते किडीपासून बचावासाठीच साठवलेलं असतं.

उकळायची हौस असेल तर तिच्यासाठी जुना शौ मेई आहे. चीनमध्ये हा चहा दाबून वड्या करून वर्षानुवर्षं मुरवतात. ५ ग्रॅम पानं अर्धा लिटर पाण्यात मंद आचेवर पाच-सात मिनिटं उकळली की लालसर रंग येतो आणि खारकेसारखा गोडवा उतरतो. उन्हाळ्यात उलटं करावं: लिटरभर गार पाण्यात ८ ग्रॅम पानं, रात्रभर फ्रिजमध्ये. तुरटपणा जवळजवळ उतरतच नाही.

सुरुवात सिल्व्हर नीडलने करू नये, असं मी सुचवेन. तो महाग, आणि त्याची चव ओळखायला जीभ थोडी तयार व्हावी लागते. व्हाइट पिओनीत कळीचा गोडवा आणि पानाचा कस दोन्ही मिळतात. दार्जिलिंग आणि निलगिरीतही आता पांढरा चहा होतो. दार्जिलिंगच्या चहात फुलांचा वास जास्त जाणवतो. घ्याल तो ५० ग्रॅमच घ्या, आणि हवाबंद डब्यात, मसाल्याच्या कपाटापासून लांब ठेवा. कोकणच्या पावसाळ्यात तर पाकीट एकदा फोडलं की महिनाभरात संपवलेलंच बरं.