एक बल्ब गेला की अख्खी माळ का विझते?

मुंबई : अंधेरी-मुलुंडच्या चाळीत असो की गावच्या घरात, गणपतीच्या मखरावरची जुन्या बारीक बल्बची माळ एक बल्ब उडाला की बंद पडते. कारण ती सिरीजमध्ये असते. करंटला वाट एकच; 230 व्होल्ट सगळ्या बल्बांत वाटले जातात.

घरातले दिवे-पंखे पॅरललमध्ये असतात. प्रत्येकाला पूर्ण 230 व्होल्ट आणि वेगळी वाट मिळते. एक बंद केला तरी बाकीचे चालतात.

धोका मात्र इथेच आहे. पॅरललमध्ये करंटची बेरीज होते. मंडपात 500 वॅटचे 5 हॅलोजन एकाच बोर्डवर लावले, तर जवळपास 11 अँपिअर करंट खेचला जातो. बोर्ड 6 अँपिअरचा असेल, तर वायर तापून आग लागू शकते. आधी वॅटची बेरीज करा, वायरमनला दाखवा, मगच बटण दाबा.