डॅशबोर्डवरचे लाल दिवे

समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मे महिन्यातील दुपारी या रस्त्यावर आपली मोटार धावत असताना समोर एक लाल दिवा लागला, असे समजा. ‘जालना जवळच आहे, तेथे गेल्यावर पाहू’ असे म्हणावे काय?

पिवळा दिवा लवकर तपासून घ्यायला सांगतो. लाल दिवा थांबायला सांगतो. चारही इंडिकेटर लावून डाव्या कडेला गाडी थांबवावी, मग इंजिन बंद करावे आणि सर्वांनी रस्त्यापासून दूर उभे राहावे.

थेंब गळणाऱ्या झारीचे चित्र तेलाचा दाब दाखवते. इंजिन बंद असताना दाब नसतो, बटणाचा संपर्क जुळलेला असतो, म्हणून किल्ली फिरवताच दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन दाब वाढला, की संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. धावत्या गाडीत हा दिवा लागला, तर घासणाऱ्या भागांमधील तेलाचा थर नाहीसा होण्याचा धोका असतो. काही मिनिटांत इंजिन निकामी होऊ शकते.

बॅटरीच्या दिव्याचे तत्त्व वर्गात दाखवता येईल. दोन सारखे घट घ्या. त्यांची ऋण टोके एकमेकांना जोडा आणि धन टोकांमध्ये टॉर्चचा बल्ब जोडा. दोन्ही बाजूंचे विभव सारखे असल्याने बल्ब लागत नाही. आता एका घटाच्या जागी साधी तार जोडा, बल्ब लागेल. जुन्या, साध्या रचनेच्या गाड्यांत दिव्याच्या एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला जनित्र असते. जनित्र वीज देईनासे झाले, की विभवांतर निर्माण होते आणि दिवा लागतो.

इंजिन तापल्याचा दिवा लागला, तर रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही; झाकण उघडताच दाब घटतो आणि ते उसळून अंगावर येते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे.

एक सावधगिरी मात्र हवी. पाणी गळून गेले, तर तापमान मोजणारा संवेदक कोरडा पडतो आणि इंजिन तापूनही दिवा लागत नाही, असे घडू शकते. म्हणून निघण्यापूर्वी पाणी आणि तेल डोळ्यांनी पाहावे.

किल्ली फिरवताच इशाऱ्याचे हे दिवे क्षणभर लागतात. त्यांतील एक लागलाच नाही, तर त्याचा अर्थ काय? विद्यार्थ्यांना विचारून पाहा.