भागीदारीत धंदा करताय? आधी हे लिहून घ्या

भागीदार जिवलग मित्र असो वा सख्खा भाऊ, करार लेखी हवाच. समजा, दुकानात एकाने ८ लाख घातले. दुसऱ्याने २ लाखच घातले, पण सकाळी शटर उघडण्यापासून रात्री गल्ला मोजेपर्यंत तोच उभा असतो. काहीच ठरलं नसेल तर १९३२चा भारतीय भागीदारी कायदा सांगतो: नफा-तोटा निम्मा-निम्मा, आणि राबणाऱ्याला वेगळा पगार नाही. दोघांनाही अन्याय वाटणार!

म्हणून हे आधीच ठरवा:

✅ नफ्याचा वाटा, कामाचा मोबदला, भांडवलावरचं व्याज
✅ महिन्याची उचल किती
✅ खरेदी कोण बघणार, वसुली कोण. किती रकमेपुढे दोघांच्या सह्या
✅ कुणी बाहेर पडलं तर त्याचा हिस्सा कसा मोजायचा, पैसे किती हप्त्यांत द्यायचे

फर्मची नोंदणीही करा. नोंदणी नसेल तर थकलेल्या उधारीसाठी फर्मला सहसा कोर्टात दावा लावता येत नाही. शिवाय फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार वैयक्तिकरीत्या जबाबदार असतो, त्यामुळे हिशोब एकावर सोपवून मोकळं होऊ नका.

महिन्यातून एकदा दोघांनी बँक स्टेटमेंट, उधारीची यादी आणि उचलीची नोंद समोर घेऊन बसा. शंका तिथेच विचारा, मनात ठेवू नका.

करार राहिला असेल तर याच आठवड्यात सीए किंवा वकिलांना गाठा. संबंध चांगले असतात तेव्हाच या गोष्टी मोकळेपणाने ठरतात.