सिव्हिल घेतलं; पण त्यातलं नेमकं काय?

अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की घराघरांत कट-ऑफची चर्चा रंगते. ती सिव्हिलपाशी आली की अटल सेतू, समृद्धी महामार्ग आणि मुंबईची भुयारी मेट्रो ही नावं हमखास निघतात. भव्य कामं पाहून मुलांना ही शाखा घ्यावीशी वाटणं चांगलंच आहे. पण २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूसाठी गर्डरची जाडी ठरवणारा, समुद्रतळाचा खडक तपासणारा, भरतीच्या वेळा सांभाळून बार्ज हलवणारा आणि वीस वर्षांनी किती वाहनं धावतील याचा अंदाज बांधणारा, हे चौघंही सिव्हिलचेच. त्यांचे दिवस मात्र एकमेकांसारखे मुळीच नसतात.

म्हणून मुलांना माझा एकच प्रश्न असतो: कोणत्या प्रकारची अनिश्चितता तुम्हाला आवडते? सिव्हिलच्या प्रत्येक उपशाखेत काहीतरी हाताबाहेरचं असतंच. त्या हाताबाहेरच्या गोष्टीशी तुमचं किती जमतं, त्यावर आवड ठरते.

स्ट्रक्चरलमध्ये ही अनिश्चितता सगळ्यात कमी. काँक्रीट आपणच बनवतो, १५ सेंटिमीटरचा क्यूब २८ दिवसांनी दाबून फोडतो आणि त्याची ताकद मोजतो. आकडेमोडीत रमणारा, एकच गणित तीनदा तपासायला न कंटाळणारा मुलगा किंवा मुलगी डिझाइन ऑफिसात फुलते. जिओटेक्निकलमध्ये सामान निसर्गानं दिलेलं. बोअरच्या भोकात ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा सोडायचा, नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं, आणि अशा काही भोकांवरून अख्ख्या प्लॉटखाली काय दडलंय ते सांगायचं. मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचं घर तडकू नये ही जबाबदारी याच माणसाची. वाहतुकीत गाठ पडते माणसांच्या वागण्याशी. कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटमध्ये मजूर, पाऊस, रेडी मिक्सची गाडी आणि अडकलेलं बिल यांच्याशी. दहा माणसांशी बोलून ज्याला हुरूप येतो, त्यानं टेबलावर बसून राहू नये.

आणि पाणी. इथे मी तटस्थ नाही. महाराष्ट्रातल्या मुलांनी या वाटेकडे पाठ फिरवावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याच्या सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीवर चढलं की ते आपोआप उघडत, उतरलं की मिटत. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. त्याच खडकवासल्यात आज केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. त्याची सुरुवात १९१६ची. नद्या, धरणं आणि बंदरं यांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांत खरंखुरं पाणी सोडायचं, हे तिथलं काम. प्रतिकृती शंभरपट लहान असेल, तर वेळ दहापट आखडतो; समुद्रातलं साडेबारा तासांचं भरती-ओहोटीचं चक्र तिथे सव्वा तासात पुरं होतं. बंदरात गाळ कुठे साचेल, सांडव्याखाली नदीचा तळ किती खरवडला जाईल, हे काम सुरू होण्याआधी डोळ्यांनी दिसतं. ज्याला निरीक्षणाची ओढ आहे, त्याच्यासाठी याहून सुंदर काम नाही.

या वाटेवरची जबाबदारीही तेवढीच मोठी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर सरकारनं नेमलेल्या सत्यशोधन समितीचे अध्यक्ष होते माधवराव चितळे, १९९३च्या स्टॉकहोम जल पुरस्काराचे मानकरी. मुंबईचे जुने नाले तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेले. नवा नाला ५० साठी बांधायचा की त्याहून जास्तीसाठी? जास्त धरलं तर खर्च आणि जागा वाढते, कमी धरलं तर वस्ती बुडते. ‘शंभर वर्षांतला पूर’ म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता असलेला पूर. तो लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो. हे पालिकेतल्या लोकप्रतिनिधींना समजावून सांगणं हाही या इंजिनिअरच्या कामाचाच भाग.

पहिल्याच वर्षी निवड करायची घाई नको. पदवीत सगळे विषय येतात, खास वाट बहुधा एम.टेक.ला किंवा नोकरीत ठरते. तोवर सुट्टीत एखाद्या साइटवर जा आणि फक्त स्लॅब भरताना पाहून परत येऊ नका. बोअर लॉग, म्हणजे बोअरच्या भोकातली नोंद, मागून वाचा, सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा ऑपरेटर दिवसभर काय मोजतो ते विचारा, चौकात तासभर उभं राहून गाड्या मोजा. ज्या कामात पुढचा प्रश्न तुमचा तुम्हालाच सुचेल, ती वाट तुमची. पालकांनीही पॅकेजचा आकडा विचारण्याआधी मुलाला हा प्रश्न कोणता, ते विचारावं. पुढची तीस-पस्तीस वर्षं त्याला त्याच प्रश्नाशी झुंजायचं आहे, आणि त्यानं बांधलेल्या पुला-नाल्यांवर आपलं सगळ्यांचं आयुष्य अवलंबून आहे.